काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट करावे का?

वाचकाचे पत्र : माझे वय ६१ असून बँकेतून निवृत्त होऊन मी सांगलीत राहतो. चौदा महिन्यांपूर्वी उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ किडून तुटल्यामुळे काढावी लागली. एका दंतवैद्यांनी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधारावर बसवलेला दात, सुचवला असून आठवड्याभरात काम होईल असे सांगितले. दुसऱ्यांच्या मते शेजारचे दोन्ही दात निरोगी असल्याने इम्प्लांट करावे, पण त्याला चार-पाच महिने लागतील. मुलगा पुण्याहून फोनवर इम्प्लांटचाच आग्रह धरतो, तर सौ. म्हणते की एका दाढेवाचून काही अडत नाही. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेल्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४ आली. इम्प्लांट खऱ्या दातासारखे असते का, ते हाडात टिकते कसे आणि माझ्या बाबतीत ते योग्य ठरेल का, हे कळवावे. माझ्या ८३ वर्षांच्या आईची खालची कवळी सारखी हलते. ती हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एक गोळी घेते. तिला याचा काही उपयोग होईल का? ता. क. जेवणानंतर चिमूटभर तंबाखू खाण्याची सवय आहे, ते लिहायचे राहिले होते.
— एक वाचक, सांगली

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ आपण ताजा कलमात लिहिली आहे आणि तिच्याविषयी मला बरेच सांगायचे आहे. पण आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपल्या बाबतीत इम्प्लांट हाच अधिक चांगला उपाय आहे असे मला वाटते, मात्र ते आज करू नये. साखर खाली आणून आणि तंबाखू पूर्ण सोडून साधारण तीन-चार महिन्यांनी ते करावे. असे का म्हणतो हे समजण्यासाठी इम्प्लांट हाडात कसे टिकते, हे आधी पाहावे लागेल.

बोलताना आपण संपूर्ण कृत्रिम दातालाच इम्प्लांट म्हणतो. प्रत्यक्षात त्याचे तीन भाग असतात. हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, जो दाढेच्या जागी साधारण चार ते पाच मिलिमीटर जाड आणि दहा मिलिमीटरच्या आसपास लांब असतो, तोच खरा इम्प्लांट. त्याच्या माथ्यावर हिरडीतून वर येणारा जोडभाग बसतो, त्याला अबटमेंट म्हणतात, आणि त्यावर दिसणारी, चावणारी कॅप बसते. स्क्रू दाताच्या मुळाचे काम करतो आणि कॅप दाताच्या वरच्या भागाचे.

आता हा धातूचा स्क्रू शरीर बाहेर का टाकत नाही? याचे उत्तर काहीसे योगायोगाने सापडले. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ साली पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे एक लहान निरीक्षण-उपकरण बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले, तर निघेना, कारण हाड धातूला थेट चिकटून वाढले होते. पुढे बरीच वर्षे यावर काम करून त्यांनी १९६५ साली गोटेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि त्या गृहस्थांनी सुमारे चाळीस वर्षांनी मृत्यू येईपर्यंत ते वापरले. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर आपोआप तयार होतो. शरीर या थराला परका मानून त्याच्याभोवती तंतूंचे वेष्टन घालत नाही, तर हाडाच्या पेशी थेट त्याच्यापर्यंत येऊन नवे हाड तयार करतात.

यातला एक बारकावा आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. स्क्रू बसवला त्या दिवशी तो केवळ आट्यांच्या पकडीने, म्हणजे भिंतीतल्या स्क्रूसारखा, घट्ट असतो. पुढच्या काही आठवड्यांत कडेचे जुने हाड झिजत जाते आणि त्याच वेळी नवे हाड भरत येते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास जुनी पकड सैल झालेली असते आणि नवी पुरती आलेली नसते. हे नवे हाड जिवंत पेशींनी, रक्तातून मिळणाऱ्या प्राणवायूवर तयार करायचे असते. रक्तातली साखर सतत जास्त असेल तर त्या पेशींचे काम मंदावते आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे नेमका याच काळात रक्तपुरवठा कमी पडतो. स्क्रू कितीही नामांकित कंपनीचा असो आणि बसवणारा हात कितीही कसलेला असो, हाड धरण्याचे काम शेवटी आपल्याच शरीराला करायचे आहे.

म्हणून आधी साखरेविषयी. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होत नाही, हा गैरसमज आहे. साखर आटोक्यात असलेल्या रुग्णांमध्ये इम्प्लांट चांगले टिकते. आपला ८.४ हा आकडा मात्र मला थांबायला सांगतो. तो सातच्या आसपास, निदान साडेसातच्या खाली आल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका, आणि हे आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे औषधांत काय बदल करायचा ते त्यांना ठरवता येईल. ही चाचणी तीन महिन्यांचे चित्र दाखवत असल्याने आजपासून तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. दाढ काढून चौदा महिने झालेच आहेत. दात काढल्यानंतर त्या जागेच्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षात जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन-चार महिन्यांतच होते. नंतर हा वेग पुष्कळ मंदावतो. झीज व्हायची ती बव्हंशी होऊन गेली आहे, त्यामुळे आणखी तीन महिने थांबल्याने हाडाचे मोठे नुकसान होणार नाही, उलट पेशींना काम करायला योग्य परिस्थिती मिळेल.

आता तंबाखू. चिमूटभर असे आपण लिहिले आहे, आणि ते मी खरे मानतो. पण ती चिमूट आपण कोणत्या बाजूला धरता? पुष्कळ लोक ती खालच्या ओठामागे किंवा खालच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला, गाल आणि हिरडी यांच्या खाचेत धरतात. आपली बाजू उजवी असेल, तर तंबाखू आणि चुना रोज त्याच हिरडीला लागत आहेत जिच्यातून इम्प्लांट वर यायचे आहे. तिथली हिरडी जाड, पांढरट किंवा खाली सरकलेली असण्याची शक्यता आहे. त्यामुळे इम्प्लांटचा विषय काढण्यापूर्वी दंतवैद्यांकडून गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि ओठामागची जागा नीट तपासून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तिखट लागताच आग होत असेल किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर दाढेआधी त्याची तपासणी झाली पाहिजे. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. कॅप छान बसली आणि शेजारचा चट्टा कुणी पाहिलाच नाही, असे घडू नये अशी माझी कळकळीची इच्छा आहे. (आपल्या घरात कुणी मिश्री लावत असेल, तर हे सारे त्यांनाही तितकेच लागू आहे, भाजलेली असली तरी ती तंबाखूच असते.) शस्त्रक्रियेपुरती आठ दिवस तंबाखू बंद ठेवून भागणार नाही, कारण हाड भरायला महिने लागतात. आजपासून सोडा. तीन महिने टिकलात, तर पुढे इम्प्लांटसाठी मी आपल्याला बिनदिक्कत हो म्हणेन.

आपण लिहिलेले नाही, पण विचारणे भाग आहे : रक्त पातळ ठेवण्याची गोळी, म्हणजे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांपैकी काही चालू आहे का? असेल तर दंतवैद्यांना सांगा, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती स्वतःहून बंद करू नका. दात काढताना किंवा इम्प्लांट बसवताना होणारा रक्तस्राव दाबून, टाके घालून थांबवता येतो. गोळी बंद केल्याने येऊ शकणारा झटका तसा थांबवता येत नाही.

ब्रिज की इम्प्लांट, या प्रश्नात मी दुसऱ्या दंतवैद्यांच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण त्यांनीच दिले आहे : शेजारचे दोन्ही दात निरोगी आहेत. ब्रिज करण्यासाठी पुढची लहान दाढ आणि मागची मोठी दाढ चारही बाजूंनी घासून बारीक कराव्या लागतात, मग त्या दोन खांबांवर तीन जोडलेल्या कॅप बसतात. घासलेले इनॅमल पुन्हा येत नाही. पुढे त्यांपैकी एका दाताला कॅपखाली कीड लागली किंवा त्याची नस दुखावली, तर संपूर्ण ब्रिज कापून काढावा लागतो. हेच शेजारचे दात आधीच मोठ्या फिलिंगचे किंवा रूट कॅनाल केलेले असते आणि त्यांना कॅप तशीही लागणारच असती, तर मी आपल्याला ब्रिजच सुचवला असता. ब्रिज हा काही कमी प्रतीचा उपाय नाही. तो लवकर होतो, शस्त्रक्रिया लागत नाही, आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे सहज चालतो. केवळ आठवड्यात काम होते म्हणून दोन चांगले दात घासणे मात्र मला पटत नाही.

वहिनींचे म्हणणेही बाजूला सारण्यासारखे नाही. अक्कलदाढ किंवा अगदी मागची दाढ गेली असती, तर जागा तशीच राहू द्या असे मीही म्हटले असते. पण गेलेली दाढ पहिली मोठी दाढ आहे, आणि चावण्याचा सर्वांत मोठा भार तीच उचलते. ती जागा वर्षानुवर्षे मोकळी राहिली, तर मागची दाढ पुढे कलते, आणि वरची समोरची दाढ टेकायला काही न उरल्याने हळूहळू खाली उतरते. मग फटींत अन्न अडकते, तिथे कीड लागते, आणि पुढे कधी दात बसवायचा ठरवले तर उंचीच उरत नाही. तीन-चार महिने थांबायला हरकत नाही. तीन-चार वर्षे थांबू नका.

खऱ्या दातासारखे असते का, याचे प्रामाणिक उत्तर असे की दिसायला आणि चावायला बहुतांशी तसेच, जाणिवेला नाही. नैसर्गिक दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा एक लवचीक पडदा असतो. भातात खडा आला की जबडा तत्क्षणी थांबतो तो या पडद्यातल्या संवेदनांमुळे. इम्प्लांटभोवती हा पडदा नसतो. तिथे धातू आणि हाड यांचा थेट संबंध असतो. त्यामुळे दाब फार वाढेपर्यंत तो कळत नाही आणि कॅपचा चिनी मातीसारखा थर उडण्याचा किंवा अबटमेंटला इम्प्लांटशी जोडणारा आतला बारीक स्क्रू सैल होण्याचा धोका राहतो. भाकरी, भडंग, भाजलेले दाणे खुशाल खा. उसाचे कांडे मात्र त्या दाढेने सोलू नका. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तेही आधीच सांगा, कारण मग रात्री घालायची एक पातळ पट्टी करून घ्यावी लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी जबड्याचा सीबीसीटी स्कॅन, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे, अवश्य काढून घ्या. खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून एक नस जाते, जी खालचा ओठ आणि हनुवटी यांना संवेदना देते. स्क्रूचे टोक आणि ही नस यांच्यात निदान दोन मिलिमीटर अंतर राहायला हवे, आणि साध्या एक्स-रेवर हाडाची रुंदी कळत नाही. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर राहिला, तर उतरेल म्हणून वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

हाडाची रुंदी कमी भरली तर हाडाची भर घालावी लागेल. याविषयी एक गोष्ट रुग्णांना क्वचितच आधी सांगितली जाते, आणि ती सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. या भरीसाठी वापरली जाणारी पावडर पुष्कळदा गाई-बैलांच्या हाडांपासून, आणि तिच्यावर घालायचा पडदा डुकराच्या कातड्यातील कोलॅजेनपासून केलेला असतो. प्रक्रिया केल्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या ती सुरक्षित असतात, तरी ज्यांच्या श्रद्धेला किंवा आहारविचाराला ते मान्य नाही त्यांना ते आधी कळलेच पाहिजे. पूर्णपणे कृत्रिम, कॅल्शियमच्या संयुगांपासून केलेले पर्यायही मिळतात. आपल्याला काय चालेल, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी बोलून घ्या.

दुखण्याची भीती बाळगू नका. दात काढताना देतात तीच भूल असते, एका इम्प्लांटला साधारण पाऊण ते एक तास लागतो, आणि किडलेली दाढ काढताना झाला असेल त्यापेक्षा त्रास बहुधा कमीच होतो. हाडात छिद्र पाडणारे यंत्र हळू फिरवून त्यावर थंड सलाइनची धार सोडतात, कारण हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिटभर गेले तरी त्यातल्या पेशी मरू शकतात. दोन-तीन दिवस सूज राहते, आठ-दहा दिवसांनी टाके काढतात, आणि खालच्या जबड्यात सुमारे तीन महिन्यांनी माप घेऊन कॅप बसवतात. वरच्या जबड्याचे हाड विरळ असल्याने तिथे अधिक वेळ लागतो. तीन दिवसांत पक्के दात अशा जाहिराती आपल्याही नजरेस येत असतील. हाड उत्तम असलेल्या निवडक रुग्णांत लवकर कॅप बसवता येते, परंतु मधुमेही माणसाच्या एकट्या मोठ्या दाढेसाठी ती घाई मी करणार नाही.

खर्चाचे म्हणाल, तर गाव, स्क्रूची कंपनी आणि कॅपचा प्रकार यांनुसार एका दाताला साधारण पंचवीस-तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत लागू शकतात. सांगितलेल्या रकमेत स्कॅन, स्क्रू, अबटमेंट, कॅप आणि लागल्यास हाडाची भर यांपैकी काय धरले आहे, ते लेखी घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि आपल्या सांगलीतल्या दंत महाविद्यालयांतही खर्च कमी येऊ शकतो, वेळ मात्र अधिक द्यावा लागतो. आजीवन गॅरंटी म्हणतात ती बहुधा कंपनीने फक्त स्क्रू बदलून देण्याची दिलेली हमी असते. कॅप, शस्त्रक्रिया आणि हाडाची झीज तिच्यात येत नाही. स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकर, ज्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि बॅच क्रमांक असतो, ते मागून आपल्या फाइलला चिकटवा. दहा वर्षांनी आतला बारीक स्क्रू सैल झाला आणि आपण मुलाकडे पुण्यात असलात, तर तिथल्या डॉक्टरांना योग्य मापाचे हत्यार त्या स्टिकरवरूनच शोधता येते. याच कारणासाठी सुटे भाग सहज मिळणारी, रुळलेली कंपनी निवडणे श्रेयस्कर.

नीट निवडलेल्या रुग्णांत शंभरातील नव्वदहून अधिक इम्प्लांट दहा वर्षांनंतरही जागेवर असतात. त्याला कीड लागत नाही हे खरे, पण भोवतालच्या हिरडीला आणि हाडाला संसर्ग होऊ शकतो, आणि तो बराच काळ दुखत नाही. घासताना रक्त येणे हीच त्याची पहिली खूण असते. दोन दातांमध्ये घालायचा बारीक ब्रश रोज रात्री वापरा आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करा. मधुमेहात याची गरज दुप्पट असते.

आता आईंविषयी. खालची कवळी हलते हा त्यांचा किंवा कवळी करणाऱ्याचा दोष असेलच असे नाही. वरची कवळी टाळूला चिकटून राहते, खालचीला टेकायला फक्त हाडाची अरुंद कड मिळते, त्यात जीभ सतत तिला ढकलते, आणि खालची कड वरच्यापेक्षा कितीतरी वेगाने झिजते. यावर अतिशय चांगला उपाय आहे : खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट बसवून कवळी त्यांच्यावर बटणासारखी अडकवणे. खालचे सर्व दात गेलेल्यांसाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे मॉन्ट्रियल येथे २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी सुचवले होते. कवळी काढून धुता येते आणि संपूर्ण जबड्याच्या पक्क्या दातांपेक्षा खर्च बराच कमी येतो. वय ही त्यात अडचण नाही. हाडांच्या गोळीचा विचार मात्र करायला हवा, कारण त्या गटातल्या काही औषधांमुळे जबड्याचे हाड शस्त्रक्रियेनंतर भरून न येण्याची शक्यता असते. आठवड्याच्या गोळीत हा धोका थोडा, कर्करोगासाठी देतात त्या इंजेक्शनांत बराच अधिक, आणि औषध किती वर्षे चालू आहे यावरही तो अवलंबून असतो. गोळी स्वतःहून थांबवू नये, कारण मांडीचे हाड मोडणे त्यांना कवळी हलण्यापेक्षा फार महागात पडेल.

त्यांच्यासाठी मी आधी एक साधी गोष्ट करेन. सध्याच्या कवळीला आतून नवा थर देऊन ती आजच्या हिरडीला बसती करता येते. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही आणि काम एक-दोन भेटींत होते. त्याने त्या नीट जेवू लागल्या, तर पुढे जाण्याची गरजच नाही. आपल्या स्वतःच्या तपासणीला जाल तेव्हा त्यांनाही कवळीसह घेऊन जा, आणि त्या गोळीचे पाकीट व ती सुरू केल्याचा जुना कागद सोबत ठेवा.